सॉसेज पटकन होतं, वेळ कोबीला द्या

जर्मनीतल्या स्टुटगार्टचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला, फिल्डर नावाच्या पठारावर आहे. विमानतळाच्या आजूबाजूला अजून शेतं टिकून आहेत आणि उन्हाळा सरत आला की त्यांत एक वेगळाच कोबी भरतो. गोल गड्डा नाही, वर निमुळता होत गेलेला, टोकदार. पानं पातळ, शिरा नाजूक. हा फिल्डरचा कोबी. युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे त्याला. गड्डे एका मापाचे येत नाहीत आणि हातानेच कापावे लागतात, म्हणून मोठ्या कारखान्यांनी गोल कोबी जवळ केला आणि हा मागे पडला. तरी ऑक्टोबरात लाइनफेल्डन-एश्टरडिंगनला त्याचा उत्सव भरतो. मी तिथून दरवर्षी गड्डा उचलून आणते, कारण साउअरक्राउट, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, थोडक्यात क्राउट, करावं तर ह्याचंच.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण इथल्या ह्या रोजच्या जेवणाबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. फोनवर सांगितलं की लोक म्हणतात, ‘हां, ते व्हिनेगरमधलं कोबीचं लोणचं ना?’ नाही हो. त्यात व्हिनेगरचा थेंब नसतो. बारीक चिरलेला कोबी आणि मीठ, बस्स. मीठ चोळलं की कोबी स्वतःचं पाणी सोडतो, त्या पाण्याखाली तो हवाबंद राहतो आणि पानांवरचेच जिवाणू त्यातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. इडलीचं पीठ आंबतं तसंच हे आंबणं, फक्त काही तासांऐवजी काही आठवडे चालणारं. म्हणून ह्याचा आंबटपणा व्हिनेगरसारखा नाकात जात नाही, जिभेवर हळूहळू पसरतो.

‘क’ जीवनसत्त्व त्यात टिकतं, म्हणून क्राउट समुद्रावरही पोचलं. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकने १७६८ साली एंडेव्हर जहाजावर स्कर्व्ही, म्हणजे ह्याच जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग, टाळण्यासाठी पिंपंच्या पिंपं भरून घेतली होती. खलाशी तोंड लावेनात, तेव्हा त्याने ते रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर मांडायला लावलं. साहेब खातात म्हटल्यावर खलाशीही मागायला लागले. माझ्याकडे पहिल्यांदा जेवायला येणारे मराठी पाहुणेही आधी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखतात. त्यांना मी कच्चं क्राउट कधीच वाढत नाही, शिजवलेलंच वाढते.

शिजवायला मला खालच्या मजल्यावरच्या आजींनी शिकवलं. त्यांनी आधी कच्च्या क्राउटची चिमूट तोंडात टाकली. फारच आंबट असेल तर एकदा पाण्यातून काढायचं, नाहीतर मुळीच धुवायचं नाही, चव वाहून जाते. मग मुठीत धरून हलकं पिळलं आणि दोन काट्यांनी उकलून सुटं केलं, एकही गोळा राहिला नाही. ह्याच दोन मिनिटांत अर्धी भाजी जिंकली जाते असं माझं ठाम मत आहे. गोळ्यागोळ्याने पातेल्यात पडलेलं क्राउट कधीच एकसारखं शिजत नाही.

चौघांसाठी पाऊण किलो क्राउट घ्या. इथले लोक डुकराच्या चरबीत करतात, मी लोणी घेते. त्यात एक मोठा कांदा मऊ होऊ द्यायचा, लाल करायचा नाही. एक आंबटगोड सफरचंद फोडी करून, मग क्राउट, एक तमालपत्र, पाचसहा जुनिपरची वाळकी फळं जरा ठेचून आणि अर्धा चमचा क्युमेल. हे दिसायला थेट शहाजिरं, आणि पोटाला कोबी जड जाऊ नये म्हणूनच घालतात. ओलाव्यासाठी पेलाभर रीसलिंग वाइन किंवा सफरचंदाचा रस. झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत एक कच्चा बटाटा किसून घाला, रस छान मिळून येतो. मीठ अगदी शेवटी, चाखून. आणि पातेलं स्टीलचं किंवा एनॅमलचं हवं. ॲल्युमिनियमचं अजिबात नको, आंबटाशी त्याचं जमत नाही.

सॉसेजचं काम त्या मानाने थोडं. खाटकाकडे एवढंच विचारायचं की कच्चं आहे की उकडलेलं. कच्चं ब्राटवुर्स्ट, म्हणजे तव्यावर भाजायचं सॉसेज, त्याच दिवशी करायचं, मध्यम आचेवर उलटत पालटत, आतपर्यंत शिजेस्तोवर. टोचायचं नाही, नाहीतर रस तव्यात जातो आणि सॉसेज कोरडं पडतं. उकडलेलं असेल तर नुसतं गरम पाण्यात ठेवायचं. पाणी खळखळू दिलं की वरचं आवरण फाटतं. डुक्कर खात नसाल तर कोंबडीचं किंवा टर्कीचं मिळतं, तेही चांगलं लागतं. सोबत उकडलेला बटाटा आणि मोहरीचं झणका सॉस. गोव्याचं चोरीस मात्र ह्याच्यासोबत घालू नका. त्यात आधीच व्हिनेगर आणि मिरची इतकी असते की क्राउटची चव कुठल्या कुठे जाते. चोरीसला पावच हवा.

घरी कोबी घालणाऱ्यांसाठी: किलोला २० ग्रॅम मीठ, आयोडीन नसलेलं असेल तर उत्तम. वजन ठेवा, कोबी पाण्याच्या वर डोकावता कामा नये. इथे १८ ते २० अंशांत ते सावकाश मुरतं. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात भराभर आंबतं आणि मऊ पडतं, तेव्हा डिसेंबर-जानेवारी गाठा आणि बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. वर बुरशी दिसली तर टाकून द्या, लोभ धरू नका.

शिजवताना जरा जास्तच करा, कारण दुसऱ्या दिवशी गरम केलेलं क्राउट पहिल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं. इथे ते शुपफनूडेलनसोबत, म्हणजे बटाट्याच्या बोटभर लांब वळ्यांसोबत, लोण्यात परततात, कडा तांबूस होईपर्यंत. त्यात सॉसेज नसलं तरी चालतं. आमच्याकडे शाकाहारी पाहुणे आले की हेच करते, आणि पातेलं रिकामं होतं.