तुम्ही विचारलंत म्हणून: लवंगेच्या तेलाने तण मरते का?

रोपवाटिकेत येणारी अनेक माणसे रोपांचे पैसे देता देता मला विचारतात की, अंगणातले आणि वाफ्यांमधले तण मारायला लवंगेचे किंवा निलगिरीचे तेल फवारले तर चालते का. या प्रश्नामागची काळजी खरी असते. घरात रांगते मूल असते, दारात कुत्रा असतो, ग्लायफोसेट या रासायनिक तणनाशकाबद्दल काहीबाही वाचलेले असते, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला हेही कानावर आलेले असते. माझे उत्तर असे की, ही तेले तणाची पाने खरोखर जाळतात, पण जमिनीखालच्या भागापर्यंत पोहोचत नाहीत; ती कुठे वापरावीत आणि कुठे वापरू नयेत, हे सगळे यावरूनच ठरते.

पानावर मेणचट थर असतो. साधे पाणी त्यावरून ओघळून जाते, पण तेल त्यात मुरते आणि पेशींच्या पटलापर्यंत पोहोचते. पटल निकामी झाले की पेशीतला रस बाहेर झिरपतो आणि उन्हात पान वाळते. लवंगेच्या तेलात हे काम मुख्यतः युजेनॉल करते, गवती चहाच्या तेलात सिट्रल आणि संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वेस्ट व्हर्जिनियातील केंद्रात थॉमस ट्वॉर्कोस्की यांनी 25 वनस्पतिजन्य तेले तपासली आणि 2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत थाईम व सॅव्हरी या सुगंधी वनस्पती, दालचिनी आणि लवंग यांची तेले सर्वांत तीव्र ठरली, आणि 5 ते 10 टक्क्यांच्या फवाऱ्याने काही तणांचे शेंडे एका तासापासून एका दिवसाच्या आत मेले. बाटलीभर पाण्यात दहा-बारा थेंब टाकून फवारणारे निराश का होतात, ते या टक्केवारीवरून कळेल. 5 टक्के म्हणजे लिटरभर मिश्रणात 50 मिलिलिटर तेल.

शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. पेल्यातल्या पाण्यात लवंगेच्या तेलाचा थेंब सोडला तर तो पिवळसर मण्यासारखा तळाला जाऊन बसतो, कारण हे तेल पाण्याहून जड असते; निलगिरीचे तेल मात्र वर तरंगते. दोन्हींत आधी पातळ साबण घोटावा लागतो, आणि मग पाणी घातले की ते मिश्रण दुधासारखे पांढरे होते. ते पांढरेपण टिकून आहे तोवर, पंप अधूनमधून हलवत, फवारून संपवावे. कडक ऊन असलेल्या, वारा नसलेल्या सकाळी दोन-चार पानांच्या कोवळ्या माठावर किंवा घोळीवर ते पडले की थोड्याच वेळात पान ओले झाल्यासारखे काळपट हिरवे दिसू लागते आणि मान टाकते. दुसऱ्या दिवशी ते कागदासारखे चुरगळते. ज्या पानाला फवारा लागला नाही, ते तसेच तजेलदार राहते. हे औषध झाडाच्या अंगात फिरत नाही. जिथे पडेल तिथेच जाळते. म्हणून रोप नखाएवढे असतानाच त्याला गाठावे लागते.

लव्हाळ्यावर हेच मिश्रण मारून पाहिले की त्याची मर्यादा डोळ्यांना दिसते. पाती करपतात आणि पाहणाऱ्याचे समाधान होते, पण जमिनीखालच्या गाठी शाबूत असल्यामुळे थोड्या दिवसांत मधोमध नवा हिरवा कोंब वर येतो. हरळीचेही तसेच, कारण ती कांड्याकांड्यांतून फुटते. गवतवर्गीय तणांचा वाढीचा कोंब जमिनीलगत पातीच्या आवरणात झाकलेला असतो, त्यामुळे रुंद पानांच्या तणांपेक्षा ती तशीही चिवट ठरतात. लव्हाळ्यासाठी तेल विकत घेऊ नका, असे मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. तिथे गाठीसकट खणून काढणे आणि पुन्हा पुन्हा खणणे याला पर्याय नाही.

गाजर गवताबद्दल मात्र जास्त आस्थेने बोलावेसे वाटते, कारण 1950 च्या दशकात भारतात या तणाची नोंद झाली ती आमच्या पुण्यातच, आणि त्याच्या स्पर्शाने अंगावर उठणारी खाज अनेक घरांनी सोसली आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील कोहली, बतिश आणि सिंग यांनी निलगिरीच्या दोन जातींच्या तेलांचा गाजर गवतावरचा परिणाम तपासून 1998 मध्ये प्रसिद्ध केला. तेलाच्या वाफेने बियांची उगवण घटली, आणि मोठ्या झाडांवर वापरल्यावर हरितद्रव्य कमी होऊन ती कोमेजली. हे काम मला मोलाचे वाटते. तरीही रस्त्याकडेला माजलेले कमरेएवढे गाजर गवत घरगुती पंपाने जाळण्याचा बेत करू नये. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटावे, आणि तेल राखून ठेवावे ते त्याच जागी नंतर उगवणाऱ्या कोवळ्या रोपांसाठी.

शेतकरी विचारतात तेव्हा मी आधी हिशेब मांडतो. एकराला 200 लिटर मिश्रण धरले तर 5 टक्क्यांनी 10 लिटर आणि 10 टक्क्यांनी 20 लिटर शुद्ध तेल लागेल. लवंगेच्या तेलाचा भाव ज्याला माहीत आहे तो पुढे बोलत नाही. त्यातही हे तेल पीक आणि तण असा भेद करत नाही, आणि उडून जात असल्यामुळे आठवड्याने उगवणाऱ्या तणाला त्याचा अटकाव होत नाही. शेतात खुरपणी, कोळपणी आणि पाचटाचे आच्छादन हेच परवडते. उडून जाण्याचा हा गुण फरशांच्या फटींमध्ये, कुंड्यांच्या रांगांमधल्या खडीवर, कुंपणाच्या कडेला मात्र उपयोगाचा आहे, कारण तिथे पुढे काही लावले तरी जमिनीत विषाचा अंश राहिलेला नसतो. मीठ टाकून तण मारण्याचा जो सल्ला फिरत असतो त्यापेक्षा हे कितीतरी बरे; मिठाने जमीनच नासते.

वनस्पतीपासून आले म्हणून ते निरुपद्रवी, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. युजेनॉलने कातडी आणि डोळे चुरचुरतात; निलगिरीचे तेल थोडे जरी लहान मुलाच्या पोटात गेले तरी झटके येऊ शकतात. म्हणून चष्मा आणि हातमोजे घालावेत, बाटली कुलपात ठेवावी आणि फवारलेली जागा वाळेपर्यंत मुलांना व जनावरांना तिकडे फिरकू देऊ नये. लिमोनीन तर थर्माकोल विरघळवते. अशा तेलांनी पंपातले रबरी वायसर फुगतात, तेव्हा काम झाल्यावर पंप साबणाच्या पाण्याने धुवावा.

काहीजण विचारतात की, मग या तेलांवरचे संशोधन वाया गेले का. मुळीच नाही. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका संशोधकाला बॉटलब्रशच्या झाडाखाली फारसे काही उगवत नाही असे दिसले. त्या झाडातून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य सापडले, आणि त्याच्या रचनेवरून पुढे मेसोट्रायोन हे तणनाशक तयार झाले, जे आज आपल्याकडे मक्याच्या पिकात वापरले जाते. ते कारखान्यात बनते, त्यामुळे सेंद्रिय शेतीत चालत नाही. पण तणाची पाने पांढरी पाडण्याची त्याची तऱ्हा झाडाकडूनच आलेली आहे.

तेव्हा तुमचे अंगण दोन-चार गुंठ्यांच्या आत असेल, तण कोवळे असेल आणि जवळ जपण्यासारखे रोप नसेल, तर लवंगेच्या तेलाची 100 मिलिलिटरची बाटली घ्या, पहिल्या पावसानंतर उगवलेले तण दोन पानांवर आले की उघडीप बघून फवारा, आणि जे चुकेल ते आठवड्याने खुरप्याने काढा.