वॉल्सिंगहॅमची वाट

इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोक परगण्यात, लिटल वॉल्सिंगहॅम नावाचं एक खेडं आहे. शेजारचं ग्रेट वॉल्सिंगहॅम धरूनही वस्ती हजाराच्या आत. येशूच्या आईचं, मरियेचं, इथं देवस्थान आहे. इथली वारी एके काळी राजाच्या हुकमानं बंद पडली आणि जवळजवळ चारशे वर्षांनी गावकऱ्यांनी आणि भाविकांनी ती पुन्हा उभी केली, हे कळल्यापासून मला तिथं जायचं होतं. जायचं ते पायीच. आमचं घर सातारा जिल्ह्यातलं, माऊलींच्या पालखीबरोबर चालणारं. एखाद्या वर्षी वारी हुकली तर माणसं हळहळतात, अशा घरात मी वाढले. चारशे आषाढ्या कोणी चाललंच नाही, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

सोबत माझी वसईची मैत्रीण होती. ती कॅथलिक, लहानपणापासून सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेला जाणारी. जूनअखेर होती, तिकडे पालख्या निघालेल्या. आम्ही नॉरिचहून बसनं फेकनहॅम या बाजारगावी उतरलो आणि उत्तरेकडे चालायला लागलो. इथून वॉल्सिंगहॅम पाचेक मैल. दिंडीच्या हिशेबानं हे काहीच नाही, पण मध्ययुगात लोक लंडनहून आठवडाभर चालत यायचे, त्यांच्या वाटेचा हा शेवटचा तुकडा. रात्रीच्या आकाशगंगेला त्या काळी इथले लोक ‘वॉल्सिंगहॅमची वाट’ म्हणायचे.

दोन्ही बाजूंना बार्लीची शेतं, बांधावर तांबडी खसखशीची फुलं, डोक्यावर चंडोल. रस्ता अरुंद आणि कुंपणाच्या झाडोऱ्यात बुडालेला, त्यामुळे मोटार आली की बाजूच्या गवतात चढून उभं राहावं लागतं. इथं पुढे पोलीस आणि मागे पाण्याचा टँकर नाही, तेव्हा चालणाऱ्यानं भडक रंगाचे कपडे घालावेत.

पहिलं गाव ईस्ट बार्शम. रस्त्यावरूनच लाल विटांचा जुना वाडा दिसतो, त्याच्या नक्षीदार धुरांड्यांची रांग लांबूनही ओळखू येते. आठवा हेन्री 1511 मध्ये बार्शमपासून वॉल्सिंगहॅमपर्यंत अनवाणी चालत गेला, असं परंपरेनं सांगतात. त्या वर्षी 1 जानेवारीला कॅथरीन राणीला मुलगा झाला होता, त्याचा नवस फेडायला तो आला. बाळ दोन महिनेही जगलं नाही. ऐन थंडीत, गोठलेल्या रस्त्यावर, तरणाबांड राजा पायांत काही न घालता चाललाय, हे चित्र वाड्यासमोर उभं राहिल्यावर डोळ्यांपुढून हलेना. कारण पुढे 1538 मध्ये याच राजाच्या राजवटीत हे देवस्थान मोडलं गेलं. आदल्या वर्षी विरोधाचा कट केला म्हणून देवस्थानाच्या मठाचे उपप्रमुख निकोलस माइलहॅम यांना देहदंड झाला होता. मरियेची मूर्ती लंडनला नेऊन चेल्सीत जाळली. राणी कॅथरीन मात्र शेवटपर्यंत विसरली नाही. टाकून दिलेली, एकाकी पडलेली ती बाई 1536 मध्ये गेली, तेव्हा आपल्यासाठी कोणीतरी वॉल्सिंगहॅमची वारी करावी आणि वाटेत दानधर्म करावा, असं तिनं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.

“म्हणजे तिची वारी दुसऱ्यानं चालायची?” मैत्रिणीनं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे आजारी माणूस शेजाऱ्याच्या हाती बुक्का-तुळस पाठवतो, तसंच की गं हे.

हॉटन सेंट जाइल्सला स्टिफकी नदी भेटते. नदी म्हणायची एवढंच, घोट्याएवढं पाणी. तिथून जवळच शेतांच्या कडेला स्लिपर चॅपल आहे. सुमारे 1340 मध्ये बांधलेलं हे छोटंसं प्रार्थनामंदिर म्हणजे या वारीची वाखरी. इथं पोचलं की देवस्थान मैलभर राहतं. यात्रेकरू पायताणं इथं सोडून पुढे अनवाणी जायचे. वारी बंद पडल्यावर या देखण्या दगडी वास्तूत कधी गोरगरिबांना ठेवलं, कधी लोहाराची भट्टी लागली, कधी गुरं बांधली. 1890च्या दशकात शार्लट बॉइड या बाईंनी स्वतःच्या पैशांनी ती विकत घेऊन सोडवली. 1934 पासून हे इंग्लंडमधल्या कॅथलिकांचं राष्ट्रीय मरियास्थान आहे. आत जेमतेम काही बाकं मावतात. मैत्रीण गुडघ्यावर बसली आणि मराठीतून जपमाळ म्हणू लागली. मी मागे बसून ऐकत राहिले. मेणबत्त्यांच्या दालनाची ऊब आणि वास तिथवर येत होता. गर्दी झाली की बाजूच्या मोठ्या चॅपलमध्ये उपासना होते. ते नॉरफोकच्या धान्यकोठारासारखं बांधलंय, आणि शेतातलं बांधकाम शेतालाच शोभतं.

बूट पिशवीत टाकून आम्ही निघालो. या शेवटच्या टप्प्याला ‘होली माइल’ म्हणतात. डांबरी रस्त्यावर बारीक खडी टोचते, म्हणून बरेच जण शेजारून गेलेल्या जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट धरतात. 1964 मध्ये इथली प्रवासी गाडी बंद झाली, रूळ उखडले, आणि वाट चालणाऱ्यांना मिळाली. गावातलं जुनं स्टेशनही रिकामं राहिलं नाही, 1967 पासून तिथं ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांचं छोटं चॅपल आहे. पायांखालची जमीन थंड होती. मैत्रिणीच्या ओठांवर जप होता आणि माझ्या तोंडून नकळत ‘ज्ञानोबा माऊली तुकाराम’ सुरू झालं. दोघींचा ठेका जुळला, तेव्हा गाव दिसायला लागलं होतं.

गाव सुंदर आहे. गारगोटीच्या दगडांच्या भिंती, लाकडी चौकटीची जुनी घरं आणि वरचे मजले पुढे झुकलेले. चौकात अष्टकोनी पंपघर, मूर्ती-मेणबत्त्यांची दुकानं, चहाच्या दोन-चार जागा. हाय स्ट्रीटवर मठाचा जुना दरवाजा आहे. तिकीट काढून आवारात गेलं की विस्तीर्ण हिरवळ लागते आणि तिच्यावर उंच कमान एकटीच उभी दिसते. मठाच्या चर्चची ही पूर्वेकडची खिडकी. काच नाही, भिंत नाही, छप्पर नाही.

आख्यायिका अशी की 1061 मध्ये रिचेल्डिस नावाच्या इथल्या कुलीन स्त्रीला मरियेनं दर्शन दिलं, नाझरेथमधलं आपलं घर दाखवलं आणि तसंच घर इथं बांधायला सांगितलं. ज्यांना नाझरेथ गाठणं शक्य नव्हतं ते इथं येऊ लागले. बाराव्या शतकात ऑगस्टिनियन मठ आला आणि कँटरबरीच्या जोडीनं हे इंग्लंडमधलं मोठं तीर्थक्षेत्र झालं. 1961 मध्ये उत्खनन झालं, त्यात त्या जुन्या घराची जागा सापडली. आता तिथं फक्त एक खूण आहे.

तिथं मला भानुदास महाराज आठवले. विजयनगरला गेलेला विठ्ठल त्यांनी परत पंढरीला आणला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. वॉल्सिंगहॅमची माऊली परत येणं शक्य नव्हतं, ती जळाली होती. पण मठाचा एक जुना शिक्का शिल्लक होता आणि त्यावर तिची आकृती होती. 1921 मध्ये आल्फ्रेड होप पॅटन नावाचे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे, फादर या गावात नेमणुकीवर आले. त्यांनी त्या शिक्क्यावरून नवी मूर्ती घडवून घेतली आणि 1922 मध्ये गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये बसवली. सिंहासनावर बसलेली मरिया, हातात लिलीचं फूल, मांडीवर बाळ येशू. मग लोक चालत येऊ लागले. 1931 मध्ये त्यांनी मरियेचं घरही नव्यानं बांधलं. पायासाठी खणताना एक जुनी विहीर लागली, तिचं पाणी आज यात्रेकरूंना देतात. मला हैबतबाबा आरफळकरांची आठवण येणं साहजिक होतं. आज आपण पाहतो ती माऊलींच्या पालखीची शिस्त त्यांनी घालून दिली. एक माणूस हट्टाला पेटतो आणि बाकीचे पाय त्याच्यामागे येतात, हे दोन्हीकडे सारखंच घडलं.

होप पॅटन यांनी बांधलेल्या मरियेच्या त्या घरात मी बराच वेळ बसले. आत अंधार आणि मेणबत्त्या. भिंतींमध्ये इंग्लंडभरच्या मोडलेल्या मठांचे दगड त्यांनी बसवून घेतलेत. मूर्तीची वस्त्रं बदलतात, आपल्याकडे बदलतात तशी. मग आम्ही विहिरीशी गेलो. एक घोट पाणी प्यायचं, कपाळावर क्रूस काढून घ्यायचा आणि उरलेलं पाणी ओंजळीत. मला तीर्थ घ्यायची सवय, माझा हात आपोआप डोक्यावर फिरला. शेजारच्या म्हाताऱ्या इंग्लिश बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांनीही तसंच केलं.

एक गोष्ट मला टोचते, ती लिहायलाच हवी. एकाच मरियेची दोन देवस्थानं, गावात अँग्लिकनांचं आणि मैलभरावर कॅथलिकांचं. यामागे जुनी भांडणं आहेत, रक्तही सांडलंय. आपल्याकडेही फडाफडांत मानपानावरून वाद झालेत, तेव्हा मी कोणाला शिकवणार? पण होली माइलवर दोन्हीकडची माणसं चालतात. वाट एकच आहे, याचं मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी चहा घेताना तिथल्या सेवेकरी बाईंनी सांगितलं, खरी गर्दी बघायची तर जुलैत या. सिरो-मलबार पंथाचे केरळी ख्रिस्ती हजारोंनी जमतात, चेंडा हा केरळी ढोल वाजवत, रंगीत छत्र्या घेऊन या वाटेनं मिरवणूक काढतात. श्रीलंकेतले तमिळ कॅथलिकही बायकामुलांसह येतात.

“मग वसईकरांनीच काय घोडं मारलंय?” मैत्रीण म्हणाली. बसमध्ये बसल्या बसल्या तिनं यादी करायला घेतली. लंडनचे कोण, लेस्टरचे कोण, कोणाला गाडी आहे, कोणाच्या आईला चालवेल. भजनं मराठीतच म्हणायची, हे तिनं ठरवूनही टाकलं.

“पेटी आमच्याकडची,” ती म्हणाली, “टाळ तू आण.”