घाट उतरताना ब्रेक वाचवा, गिअर वापरा

महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे पसरणी घाट उतरून वाईत येईपर्यंत गाडी सुमारे 600 मीटर खाली येते. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन 1,400 किलो असेल, तर एवढ्या उतारात साधारण 25 लिटर थंड पाणी उकळेल इतकी उष्णता तयार होऊ शकते. त्यातली थोडी वारा आणि टायर खातात. उरलेली एक तर इंजिन खातं, नाहीतर ब्रेक. कुणी किती खायची हे गिअरवर ठरतं.

घाट चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुना ठोकताळा. हल्लीच्या ताकदवान गाड्या तिसऱ्यातही चढतात, म्हणून मी एक गिअर खालचाच धरा म्हणेन. तीव्र वळणाला दुसरा. गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा, गाडी पळायला लागल्यावर नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही वेग वाढतच असेल, तर गिअर अजून वरचा आहे. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. समजा 40 चा वेग ठेवायचाय: 45 झाला की ठाम दाबून 35 वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. मधल्या काळात डिस्कला वारा लागतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी डी मध्ये निवांत बसू नये. एल, 2 (म्हणजे खालचे गिअर) किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलाय.

न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं हा समज काही जात नाही. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे हिशेब उलटाच. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट: पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा दाबेपर्यंत पुरतो, मग पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार न्यूट्रलवर आलेल्या अवजड गाड्यांमुळेही बदनाम झालाय. त्या रस्त्याला असाल तर आरशावर लक्ष ठेवा आणि पुढे गाड्या तुंबल्या असतील तर थांबताना एका बाजूला निघायला जागा सोडा.

ब्रेक जातात ते दोन तऱ्हांनी, आणि पायाला फरक कळतो. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, जळका वास येतोय: पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय: ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालीय. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट 3 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावर तीच किमान मर्यादा 140 वर येते. डॉट 4 ला हे आकडे 230 आणि 155 आहेत. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. रंग बरा दिसतोय म्हणून चालढकल करू नका.

वास आला की पुढच्या रुंद जागी थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि निदान अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकडी होते किंवा तडकते. ब्रेक लागतच नसेल तर पेडल भराभर मारा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. लिव्हरऐवजी नुसतं बटण असलेला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक बहुतेक गाड्यांत ओढून धरल्यावर चालत्या गाडीतही लागतो. तरीही थांबेना, तर दरीकडे न जाता डोंगराकडच्या कडेला गाडी घासत न्या.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक वेगळी गोम: वर हॉटेलात 100 टक्के चार्ज करून लगेच घाट उतरलात तर बॅटरीत जागाच नसते, म्हणून रिजन (मोटरने गाडी रोखत बॅटरी चार्ज करणं) जवळजवळ मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वरून निघताना 80-85 टक्के पुरे.

आता इतर गाड्या. अरुंद घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आहे. आपण वरून येतोय म्हणून हक्क आपला असं नाही. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. त्याच्या उजव्या इंडिकेटरवर विसंबून ओव्हरटेक करू नका. कुणी ‘जा पुढे’ म्हणून देतो, कुणी खरंच वळणार असतो. 40 च्या वेगाला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. कोरड्यात दोन सेकंद, पावसात चार सेकंदांचं अंतर, म्हणजे 22 आणि 44 मीटर. मधे कुणी घुसला तर घुसू द्या, पुन्हा अंतर वाढवा.

धुक्यात हेडलाइट खालच्या बीमवर आणि फॉग लॅम्प असतील तर ते. हझार्ड लावून गाडी चालवायची नाही, कारण मग तुमचा इंडिकेटर मागच्याला कळतच नाही. हझार्ड थांबल्यावर.