बाईंचा दुसरा खंड

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा समितीचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो आणि मग आठ दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलो. अमृतमहोत्सव म्हटल्यावर प्रार्थना, गॅदरिंग, पाण्याच्या टाकीपाशी झालेल्या मारामाऱ्या, सगळंच यायला हवं. पण लिहायला बसलं की समोर बाईच येतात. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे कुणाला सांगावं लागत नाही. बाकीच्या गुरुजनांनी मोठ्या मनाने माफ करावं.

१९८१ चा पावसाळा. आम्ही आठवी ‘ब’. परळला पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या की ठाण्या-डोंबिवलीकडचे शिक्षक पोचायचे नाहीत. बाई डिलाईल रोडलाच राहायच्या. साडीचा काठ चिंब, पण घंटेच्या आधी शाळेत. मग दोन-तीन तुकड्या हॉलमध्ये एकत्र कोंबायच्या आणि बाई गोष्ट सांगायच्या. विषय इंग्रजी, पण गोष्ट मराठीत. ही गोष्ट होती टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची. १९५४-५५ साली तीन खंडांत निघालेली ही कादंबरी बाईंना फोर्टच्या फुटपाथवर मिळाली होती, पण पहिला आणि तिसराच खंड. मधला नव्हताच.

गोष्ट उलटी होती. आमच्या ओळखीचे राजपुत्र सात समुद्र ओलांडून काहीतरी आणायला जायचे. इथला फ्रोडो, जेमतेम आपल्या कमरेला लागेल एवढा, एक अंगठी टाकायला निघालेला. ज्या डोंगराच्या आगीत ती घडवली तिथेच नेऊन टाकायची. कारण जो ती बोटात घालील त्याला ती गिळणार. सोबतीला सॅम, त्याच्याकडे बागकाम करणारा. तो काही शौर्यासाठी निघाला नव्हता. खिडकीखाली चोरून ऐकताना सापडला म्हणून गँडाल्फ या जादूगाराने त्याची रवानगी केली फ्रोडोबरोबर.

“बाई, सॅमला पगार मिळतो का?” असा प्रश्न मागून आला. हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. विचारणाऱ्याचे वडील मिलमध्ये बदली कामगार होते, त्या घरात हा प्रश्न रोजचा. बाई म्हणाल्या, “मिळत असावा. पण पगारावर माणूस किती चालतो आणि पुढे कशावर चालतो, ते बघत जा.” पुढे फ्रोडो एकटाच होडीतून निघाला, तेव्हा पोहता येत नसताना सॅम नदीत शिरला आणि नाकातोंडात पाणी जाऊन बुडता बुडता वाचला. त्या दिवशी बाईंनी फक्त प्रश्न विचारणाऱ्याकडे बघितलं.

बाईंचा नियमच होता. कोणी काय केलं ते पुस्तकात लिहिलेलं असतं. का केलं, ते तुम्ही सांगा.

पहिल्या खंडाच्या शेवटी बोरोमिर हा सोबतचाच योद्धा फ्रोडोच्या अंगावर धावून जातो, अंगठी हिसकायला. दिवाळीच्या सुट्टीआधी गोष्ट इथे थांबली. मधला खंड नाही आणि तो वाचल्याशिवाय बाई तिसऱ्याला हात लावायला तयार नाहीत. दोन महिने बोरोमिर आमचा खलनायक. मधल्या सुट्टीत कुणी डबा लांबवला तर त्याला ‘बोरोमिर’ म्हणायचे. बाईंनी एकदाच हटकलं. “त्याचं शहर शत्रूच्या दाराशी आहे. वर्षानुवर्षं तेच मार खातंय. समजा, चाळीला आग लागलीय, समोर पाण्याने भरलेली बादली आहे आणि सगळे शहाणे म्हणताहेत हात लावू नकोस. तुम्ही काय कराल?” आम्ही एका सुरात म्हणालो, “उचलू!” “मग झालं तर.”

संक्रांतीच्या सुमारास ब्रिटिश कौन्सिलच्या लायब्ररीतून, बहुधा कुणाच्या तरी कार्डावर, बाईंनी दुसरा खंड मिळवला. पहिल्याच प्रकरणात बोरोमिर मरतो. दोन छोट्या हॉबिटांना, म्हणजे फ्रोडोच्याच बुटक्या जमातीतल्या सोबत्यांना, वाचवताना अंगभर बाण घेऊन मरतो, आणि मरताना कबूल करतो की मी फ्रोडोकडून अंगठी घ्यायला बघितली. डबेचोराला बोरोमिर म्हणणं दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. कुणी सांगितलं नव्हतं.

याच दिवसांत, १८ जानेवारी १९८२ ला, गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आमच्या वर्गातली निम्मी घरं त्यातली.

आता पेन. मी वर्गाचा मॉनिटर, आणि मामाने दिलेलं हिरो पेन हा माझा सगळा तोरा. फेब्रुवारीत ते गेलं. शेवटच्या बाकावर एक मुलगा होता, त्याचं नाव आधीच खराब झालेलं. वर्गातून काही गेलं की माना त्याच्याकडे वळायच्या आणि दोन-तीनदा त्या बरोबरही निघाल्या होत्या. एका मधल्या सुट्टीत मी पाणी पिऊन लवकर परतलो, तर हा माझ्या बाकापाशी उकिडवा बसलेला. माझं दप्तर उघडं आणि पेन त्याच्या हातात. मी “चोर! चोर!” म्हणून गॅलरी डोक्यावर घेतली. तो काही बोलला नाही. पेन बाकावर ठेवलं आणि शर्टाला हात पुसले, ते अजून दिसतं. आधी चेहरा घाबरला होता, मग कसा कोण जाणे, कुलूप लावल्यासारखा बंद झाला.

बाईंनी मला बोलावून विचारलं, “पेन हरवलं कधी?”

“शनिवारी.”

“आज वार कोणता?”

“मंगळवार.”

“जा बस.”

मला वाटलं, बाई विषय बदलताहेत.

त्याच गुरुवारी ऑफ तासाला गॉलमचा भाग आला. गॉलम म्हणजे मूळचा स्मिगॉल, वाढदिवसाला आपल्याच मित्राचा गळा दाबून अंगठी मिळवलेला. बाई त्याचं ‘माझं सोनुलं, माझं सोनुलं’ असं काही करायच्या की अंगावर काटा यायचा. तो वाटाड्या म्हणून सोबत असतो. फ्रोडो त्याला जुन्या नावाने हाक मारतो, सॅम त्याला शिव्या घालतो. दगडी जिन्यावर दोघे झोपलेत, फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर. गॉलम त्यांना जाळं विणणाऱ्या राक्षशी कोळिणीच्या तोंडी द्यायचं ठरवून परत येतो आणि बघतच उभा राहतो. बाई खुर्चीतून उठल्या, वाकल्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलाच्या गुडघ्याला बोट लावलं, लावलं न लावलं असं. “आत्ता या क्षणी तो म्हातारा, दमलेला, कधीकाळी चांगला असलेला स्मिगॉल आहे.” तेवढ्यात सॅमला जाग येते आणि तो खेकसतो, चोरटेपणा काय चाललाय तुझा! झालं. गॉलमचे डोळे पुन्हा हिरवे.

मी ऐकलं आणि घंटेबरोबर विसरलो. फ्रोडोला अखेर अंगठी टाकवतच नाही, तो ती आपलीच म्हणतो आणि गॉलमच त्याचं बोट तोडून अंगठीसकट आगीत पडतो, हे ऐकून आम्ही जास्त भांडलो. मग जिंकलं कोण? बाई म्हणाल्या, ज्यांनी ज्यांनी गॉलमला कधीतरी सोडून दिलं, त्यांचं नाव घ्या.

जूनमध्ये नववीच्या हजेरीपटावर त्या मुलाचं नाव नव्हतं. संप मिटत नव्हता, बरीच घरं गावी गेली होती.

मी पुढे एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. सांगायला हरकत नाही, आज सहायक महाव्यवस्थापक आहे आणि चौकशी अधिकारी म्हणून चाळीसच्या वर खातेनिहाय प्रकरणं माझ्या हाताखालून गेली आहेत. अशाच एका प्रकरणात, कॅश कमी पडल्याची तारीख आणि कारकून सापडल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहिताना माझं पेन थांबलं. शनिवारी गेलेलं पेन मंगळवारी माझ्या दप्तरापाशी कशाला आणायचं? चोरलेली वस्तू घेऊन कोण मालकाच्या बाकाशी येतं? मी तेव्हा पस्तिशीत होतो. बाईंनी दोन प्रश्नांत हाती दिलेला हिशोब मला वीसेक वर्षांनी सुटला. मग मूळ पुस्तक विकत घेऊन वाचलं. लेखकाने १९६३ च्या एका पत्रात त्या जिन्यावरच्या प्रसंगाला कथेतला बहुधा सर्वांत शोकात्म क्षण म्हटलंय, हे त्याहून पुढे कळलं.

परवा शाळेकडे गेलो होतो. फिनिक्स मिलच्या जागी मॉल होऊन जमाना झाला. तुकड्या कमी झाल्या आणि लायब्ररीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे शिपायालाही सांगता येईना. वाईट वाटलं, हे लिहितोच. पाणी मात्र अजून भरतं, पण हल्ली पाणी भरलं की सुट्टी देतात. गोष्ट कधी सांगणार?

बाई आता मुलाकडे, बदलापूरला असतात. आमंत्रण द्यायला मीच गेलो. ऐकू कमी येतं, बाकी तल्लख. मी पेनची सगळी कथा सांगितली आणि म्हटलं, बाई, तुम्ही मला तेव्हा ओरडला नाहीत. दोन दिवसांनी मुद्दाम माझ्यासाठी तो जिन्याचा भाग काढलात. हे मी इतकी वर्षं मनात धरून आहे.

बाईंनी बराच वेळ आठवून बघितलं. पेन आठवेना, मुलगा आठवेना.

“मुद्दाम कसलं रे,” त्या म्हणाल्या, “शनिवारी लायब्ररीत पुस्तक परत करायचं होतं. दिवसाला दंड लागायचा.”

मग सूनबाईंना हाक मारून त्यांनी मला आणखी अर्धा कप चहा द्यायला लावला.