आखाजीला ठरतं ते साल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर या प्रश्नावर मी हसून विषय बदलतो. "भाऊ, अठरा वर्षं एकाच जिनमध्ये? पगार एवढासा, कुणाला किंमत नाही. सोडत का नाही?" मेहुणे विचारतात. सुरतहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलेले मित्र विचारतात. वजनकाट्यावर नवीन लागलेली पोरं तर तिसऱ्या दिवशीच विचारतात.

जळगाव जिल्ह्यात, अमळनेर-धरणगाव पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी 2007 पासून हिशेब बघतो. जिनचं नाव सांगत नाही, घर अजून त्याच पगारावर चालतं. गावात मला दिवाणजी म्हणतात. ट्रॅक्टर काट्यावर चढला की माझं काम सुरू, गाठी ट्रकमध्ये चढून बिल्टी फाटली की संपलं. सीझनमध्ये संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर रुईची साय धरते. चहावरसुद्धा. बोटानं बाजूला करायची आणि प्यायचा.

काम मला येतं, हे आधी सांगून टाकतो, कारण नंतरचं रडगाणं त्याशिवाय कळणार नाही. कापूस ओला आहे की सुका, ते मशीन सांगतंच. पण मी बोंडातली सरकी काढून दाताखाली धरतो. कट्ट आवाज आला तर सुका, नुसती चेपली तर शेतकऱ्यानं पहाटेचं दव अंगावर असतानाच वेचलाय. सीसीआयवाले, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचे लोक, आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव धरतात आणि बाराच्या पुढे घेत नाहीत. माझे दात आणि त्यांचं मशीन यांत सहसा वाद होत नाही. क्विंटलभर कापसातून चौतीसेक किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. गाठ 170 किलोची. म्हणजे पाच क्विंटलला एक गाठ. हा हिशेब मी झोपेतही करतो, बायकोला विचारा.

आता ती गोष्ट. 2022 चा जानेवारी, कापूस दहा हजारांच्या वर गेलेला. त्या सीझनला माणसं कापूस सोन्यासारखा ताडपत्री झाकून आणत होती. रात्री मी दिवसभराच्या पावत्या ताडून बघत होतो. एका व्यापाऱ्याची ट्रॉली, भरलेलं वजन 5,340, रिकामं 1,860. मला ती ट्रॉली आठवत होती. मोठी, नवी, निळी. ती 1,860 ची असूच शकत नव्हती. काट्यावरच्या पोरानं रिकामी ट्रॉली पुन्हा वजनाला घेतलीच नव्हती. ट्रॅक्टरच्या नंबरावर जुन्या ट्रॉलीचं वजन कॉम्प्युटरमध्ये पडून होतं, तेच उचललं. सकाळी व्यापाऱ्याला बोलावलं, ट्रॉली चढवली. 2,410. साडेपाच क्विंटलचा फरक. त्या दिवशीच्या 10,200 च्या भावानं 56,100 रुपये. पेमेंट व्हायच्या आधी सापडलं. व्यापारीही भला माणूस, मुकाट्यानं पावती बदलून घेतली.

मी ती पावती घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठनी बघितली, परत दिली आणि म्हणाले, "हं. काट्यावर लक्ष ठेवत जा."

एवढंच. मी बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. खुर्चीचा एक हात तुटलेला आहे, 2019 पासून. त्या दिवशी तो पहिल्यांदा टोचला.

शेठ वाईट माणूस नाही. लॉकडाउनमध्ये पगार कापला नाही, पोरीच्या ऑपरेशनला मागताच उचल दिली. पण आमच्यासारख्या घरगुती धंद्यात दिवाणजीच्या वरची जागा एकच, मालकाच्या घरात जन्म घेणं. ती मुदत माझी केव्हाच टळली. 2017 साली जीएसटी आला, आणि नोव्हेंबरात नियम झाला की शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर त्यावरचा पाच टक्के कर घेणाऱ्यानं स्वतः भरायचा. आमच्याकडे कुणाला त्याचं डोकं ना शेपूट कळेना. मी सुट्टीच्या दिवशी पदरचं भाडं घालून जळगावला जात होतो, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बाकावर बसून शिकत होतो. पुढे बँकेचे साहेब आले तेव्हा शेठनी माझी ओळख करून दिली, "हे आमचं पोरगं, कागदपत्रं बघतं." पोरगं तेव्हा छत्तीस वर्षांचं होतं.

मग सोडलं का नाही? पहिलं कारण भीती. ते लोक शेवटी सांगतात, मी आधी सांगतो. माझ्याबरोबर बारावी झालेले निम्मे सुरतच्या उधना-लिंबायतला गेले, तिथल्या गल्ल्यांत आमचीच अहिराणी ऐकू येते. त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन रात्री काढल्या आणि परतीची गाडी धरली. दुसरं कारण चक्क अडाणीपणा. राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी बुडते, असं मी दहाएक वर्षं धरून चाललो होतो. बुडत नाही. सलग पाच वर्षं भरली की स्वतःहून सोडलं तरी मिळते. मूळ पगाराला सव्वीसनं भागा, पंधरानं गुणा, मग वर्षांनी गुणा. माझा आजचा 19,500 सगळाच मूळ, भत्ते नावालाही नाहीत. अठरा वर्षांचे 2,02,500 होतात. दुसऱ्यांचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याला स्वतःचा माहीत नव्हता. हसा.

तिसरी गोष्ट बाबांची, आणि खरं उत्तर तिच्यातच आहे.

बाबा सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी. बोरीकाठच्या आमच्या गावात एका पाटलाकडे त्यांनी एकवीस सालं काढली. आमच्या खान्देशात सालदाराचं साल आखाजी ते आखाजी. घरोघरी पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, बाया झोक्यावर गाणी म्हणायच्या, बापे पत्ते कुटायचे. आणि त्याच सुमारास पाटलाच्या ओट्यावर बाबा बोलणीला बसायचे. मी लहानपणी मागे उभा राहून हे पाहिलं आहे. पाटील गादीवर, बाबा ओट्याच्या कडेला, टोपी गुडघ्यावर. चहा यायचा. बाबा कपाला हात लावायचे नाहीत. साल ठरल्याशिवाय चहा प्यायचा नाही, असा त्यांचा नेम.

"मंग, यंदा राहशी ना?" पाटील विचारायचे.

"देखू," बाबा म्हणायचे.

मग पैसे किती, ज्वारी किती, कपडे किती, यावर तासभर. तोवर चहावर साय. एका वर्षी बाबा खरंच "नही" म्हणून उठले आणि दुसऱ्या मळ्यात गेले. पुढच्या आखाजीला पाटील स्वतः आमच्या दारात आला, सोबत माणूस नाही, एकटा.

सालदारकीचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. उचल फिटलेली नसेल तर "देखू" म्हणायची सोय नव्हती, आणि बाबांच्या एकवीसपैकी निम्म्या सालांत ती फिटलेली नव्हती. पाठीचा कणा त्यांनी त्या मळ्यात ठेवला. पण ज्या वर्षी हात मोकळे असत, त्या वर्षी मालकाला तोंडानं विचारावं लागे, राहतोस का? मी शिकलो, टेबलावर बसलो, महिन्याचा पगार खात्यात जमा होऊ लागला, आणि हा प्रश्न मला पंधरा वर्षांत एकदाही कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. ट्रॉलीच्या त्या पावतीनंतर मला जे टोचत होतं ते हे होतं, 56,100 रुपये नव्हेत.

त्या वर्षीची आखाजी 3 मे ला होती. आदल्या दिवशी मी शेठकडे गेलो आणि म्हणालो, साल संपलं, पुढचं बोलू. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग म्हणाले, "दिवाणजी, तुम्ही कधी बोलले नाही." हे खरं होतं. पंधराचे सतरा हजार झाले. मी असंही म्हणालो की बाहेरच्यांसमोर पोरगं म्हणू नका, अकाउंट्स मॅनेजर म्हणा. ते हसले, "दिवाणजीच शोभतं." पैसे सुटले, शब्द नाही. खुर्चीचं बोलायचं राहून गेलं.

2023 च्या आखाजीआधी जळगावच्या एमआयडीसीत एका चटई कारखान्यात मुलाखत देऊन आलो. 24,000 म्हणाले. एका हॉलमध्ये बारा जण एका ओळीत मान खाली घालून एंट्र्या मारत होते, तेरावा कॉम्प्युटर माझ्यासाठी रिकामा दाखवला. चटई कशी बनते ते बघता येईल का, विचारलं, तर त्या माणसाला प्रश्नच कळला नाही. मी नाही गेलो. बायको दोन दिवस बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं म्हणवत नाही. सात हजारांना आमच्या घरात आवाज आहे.

2024 ला ठरवलं की जिनमध्ये राहायचं, पण संध्याकाळ त्यांची नाही. सहा वाजले की सायकल. गावातली दोन किराणा दुकानं, एक कृषी सेवा केंद्र, एक सिमेंटवाला असे करत आज नऊ जणांचे जीएसटीचे कागद मी घरी बसून बघतो. महिन्याचे साडेचार हजार येतात. त्यातला कृषी केंद्रवाला दर महिन्याला न चुकता म्हणतो, "तुम्ही शेतस म्हनीन झोप लागस." तुम्ही आहात म्हणून झोप लागते. मी घरी येऊन बायकोला हे वाक्य सांगतो, तिला ते पाठ झालंय तरी.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की मी अठरा वर्षं एका नोकरीत नाही. पहिली पंधरा नुसता पडून होतो. नंतर एकेक साल धरलंय, आणि चालू साल येत्या आखाजीपर्यंत आहे. मेहुण्यांना हे पटत नाही. त्यांना सोडलं की नाही, एवढंच हवं असतं.

2025 ला आखाजी 30 एप्रिलला होती. त्या सीझनला बहुतेक दिवस कापसाला बाजारात 7,521 चा हमीभावही मिळाला नव्हता, म्हणून बराच माल सीसीआयकडे वळला, आणि आमच्या जिनमध्ये त्यांच्याच गाठी बांधल्या गेल्या. आदल्या संध्याकाळी शेठचा फोन आला. "दिवाणजी, उद्या सण. परवा येणार ना?" परवा साठ्याची तपासणी होती, म्हणून विचारलं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी अठरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

मी म्हणालो, "देखू."

बाबा अंगणात बाजेवर पडलेले. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पण हा शब्द ऐकू आला.

"कोन व्हतं?"

"शेठ."

ते कोपरावर उठून बसले. "चहा पिना नही ना?"

फोनवर कुठला चहा. तरी मी "नही" म्हणून सांगितलं.