सत्तर किलोमीटरचा चोर सापडला

विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ काढणाऱ्या माझ्या स्प्रेडशीटमध्ये पर्थ (ऑस्ट्रेलिया) ते हीथ्रो (लंडन) हे अंतर ७० किमी कमी येत होतं. मागच्या अपडेटमध्ये ज्यांच्या नावाने रडलो होतो, ते ७० किमी अखेर सापडले. उगाच पृथ्वीला दोष देत होतो.

हॅवरसाइन (गोल पृथ्वीवरचं अंतर काढायचं सूत्र) १४,४३८ दाखवत होतं, यायला हवे होते १४,५०० च्या आसपास. फरक जेमतेम अर्धा टक्का, आणि तिथेच फसलो. पृथ्वी अगदी गोल धरली की अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक येते हे आपल्याला तोंडपाठ. त्यामुळे ६३७१ किमीच्या त्रिज्येवर खापर फोडून मोकळा झालो. तीन रविवार खर्चून डब्ल्यूजीएस ८४ (पृथ्वीच्या चपट्या आकाराची प्रमाण मापं) सकट विन्सेंटी (त्या चपट्या आकारावर अंतर काढायची पद्धत) चढवला. (शीटमधल्या एटॅन२ या कोन काढणाऱ्या फंक्शनला आधी एक्स लागतो, प्रोग्रामिंगच्या बहुतेक भाषांत आधी वाय. हे ज्याने ठरवलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.) उत्तर काय आलं? आणखी नऊ किमी कमी!

वैतागून सूत्रं बाजूला ठेवली आणि नुसते अक्षांश-रेखांशांचे आकडे वाचत बसलो. पर्थ ३१.५६, ११५.५८. हीथ्रो ५१.२८, ०.२७. खाली सरकत गेलो. दोनशे विमानतळ, आणि ठिपक्यानंतर ५९ च्या पुढचा आकडा एकाही ओळीत नाही. ते दशांश नव्हतेच, मिनिटं होती! हीथ्रो ५१ अंश २८ मिनिटांवर आहे, म्हणजे ५१.४७. फुकटच्या याद्या यापुढे बंद. सेकंदांसकट अक्षांश-रेखांश देशोदेशीच्या अधिकृत वैमानिकी प्रकाशनांतूनच घ्यायचे, टंकायला कितीही कंटाळा आला तरी.

आता हॅवरसाइन १४,५०८, विन्सेंटी १४,४९९. तो नऊचा फरक बघत चहा गार केला. पृथ्वीच्या चपटेपणाचा हिस्सा एवढाच होता.

वेळेचं गाडं मात्र अडलेलंच. माक ०.८५ (ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के) म्हणजे वर आकाशात ताशी ९०० किमीच्या आसपास. १४,४९९ ला सोळा तास. चढउतार आणि टॅक्सीचा (विमान जमिनीवर चालतं तो) अर्धा तास धरला तरी जाता-येता वेळ सारखीच निघते. वेळापत्रकात पश्चिमेकडे जाताना जास्त लागतो, कारण जेट स्ट्रीम (उंचावरचा, पश्चिमेकडून येणारा जोराचा वारा) नाकावर. ताशी ५० किमीचा वारा धरला तर एकीकडे सतरा तास, दुसरीकडे सव्वापंधरा. पण हा ५० माझ्या मनाचा.

हे लिहितालिहिता सुचलं: वारा गृहीत धरायचाच कशाला? दोन्ही दिशांच्या ब्लॉक टाइममधून (गेटपासून गेटपर्यंतच्या वेळातून) तो चढउतार-टॅक्सीचा अर्धा तास वजा करायचा आणि दोन वेग काढायचे. त्यांची सरासरी विमानाची, फरकाचा निम्मा वाऱ्याचा. विमानं सरळ बृहत्वृत्तावरून (गोलावरच्या सर्वांत जवळच्या मार्गावरून) जात नाहीत, त्यामुळे विमानाचा वेग थोडा कमी दिसेल, चालेल. वाऱ्याचा कॉलम आत्ताच पुसला.

माद्रिद–वेलिंग्टन पुढच्या खेपेला. पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बिंदूंवर विन्सेंटी उत्तर न देता गरगरत बसू शकतो, म्हणून त्याआधी अंतर काढायची कार्नीची २०१३ ची पद्धत बसवतो.