१८ पूर्ण झाली तेव्हा

बाराव्या वर्षी मी बालगृहातून काकूंकडे आले, इंदूरच्या रामबागेतल्या दोन खोल्यांत. बाल कल्याण समितीच्या आदेशानं, फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक नव्हे, नुसतं सांभाळायला. काकू-काका कायद्यानं माझे आई-वडील नव्हेत. त्यामुळे कुठलाही फॉर्म असो, पालकाच्या सहीपाशी घोडं अडायचंच.

सतरावं लागलं तेव्हा ओळखीच्या वकीलताईंना विचारलं, अमेरिकेतल्या काही राज्यांत कोर्ट १८च्या आधीच मुलांना सज्ञान ठरवतं, तसं माझं नाही का होणार? त्या म्हणाल्या, "आपल्याकडे ती वाटच नाही गं. १८७५च्या कायद्यानं १८ म्हणजे १८. १९९९च्या आधी तर कोर्टानं पालक नेमला असेल तर २१पर्यंत थांबावं लागायचं. वर्ष आहे हातात, कागद जमव."

जमवले. आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), गुणपत्रिका, समितीचे सगळे आदेश. बालगृहात दाखल झाल्याचा कागद मिळायला तीन खेपा पडल्या, आणि तोच पुढे कामी आला.

१८ पूर्ण झाली आणि आदेश संपला. फॉस्टर केअरसाठी मिळणारे महिन्याचे ४,००० रुपयेही थांबले. पुढची मदत, म्हणजे आफ्टरकेअर, मागायला गेले तर खिडकीतून उत्तर आलं, "आप तो घर से निकली हैं, संस्था से नहीं." मला रडूच आलं. पण बाल न्याय कायद्यातली व्याख्या खरंच तशी आहे: संस्थेतून बाहेर पडलेली, १८ ते २१ वयाची मुलं. कुटुंबात वाढलेल्यांचा त्यात उल्लेखच नाही. संस्थेपेक्षा घर बरं म्हणून आम्हाला घरी धाडायचं आणि १८व्या वर्षी त्याच घरापायी मदत नाकारायची, हा अन्याय आहे. मी बालगृहाचा कागद जोडून अर्ज दिलाच. पोच घेतली, तारीख-शिक्क्यासकट. अजून उत्तर नाही. दर सोमवारी जाते.

बँकेत खातं अज्ञानाचं सज्ञान करायचं होतं. नवा फोटो, केवायसी, सही. मी आजवर सही अशी केलीच नव्हती. तीन चौकटींत तीन तऱ्हा झाल्या. बाईंनी दुसरं कार्ड दिलं. काकू शेजारी पर्स धरून बसल्या होत्या. त्यांच्या सहीचा रकाना आता नव्हताच.

पत्त्याच्या ओळीवर पेन थांबलं. आदेश तर संपला होता. हळूच विचारलं, "काकू, पत्ता कुठला लिहू?"

"कुठला म्हणजे? आपलाच. आणि पिनकोड विसरू नकोस, मागच्या वेळी चेकबुक परत गेलं होतं."